कालवातला जीवाणू खरंच नवा आहे का? नमुन्यापासून नामकरणापर्यंत

समुद्री प्राण्यातून वेगळा केलेला जीवाणू नवा असावा अशी शंका बहुतेकदा एकाच क्षणी येते: १६एस जनुकाची (सगळ्या जीवाणूंत असणारं, ओळखीसाठी वापरलं जाणारं जनुक) ज्ञात प्रजातींशी जुळणी ९८ टक्क्यांच्या आसपास अडकते तेव्हा. मग जीनोम, वंशवृक्ष, तक्ते यांवर भरपूर मेहनत होते. पण नव्या प्रजातीचे प्रस्ताव फसतात ते फार साध्या कामांत. प्राणी नीट धुतलेला नसतो, कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला जीवाणू) शुद्ध नसतं, तुलना भलत्याच स्ट्रेनशी (प्रजातीतल्या एका विशिष्ट वंशाशी) केलेली असते, किंवा कल्चर दोन देशांतल्या संग्रहांत पोचलेलंच नसतं. म्हणून इथे त्या साध्या कामांना जास्त जागा दिली आहे.

उदाहरणाला कोकणच्या खडपावरची कालवं आणि त्यांतला व्हिब्रिओ घेऊ. कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे त्यांच्यात स्वतःचे जीवाणू किती आणि पाण्यातून आलेले किती हा प्रश्न हमखास येतो. आणि व्हिब्रिओ हा समुद्री जीवाणूंचा, वर्गीकरणाला भलताच अवघड जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) आहे. त्यात काम जमलं की स्पंज, कोळंबी किंवा समुद्रगोगलगाईतल्या जीवाणूंवर तीच पद्धत थोड्या फरकाने चालते.

आधी परवानगी आणि नोंदवही

प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. परवानगीशिवाय त्यांचा तुकडाही उचलायचा नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात कालवासाठीसुद्धा वनविभागाला विचारावं लागतं. जैवविविधता कायदा, २००२ चा विचारही पहिल्याच दिवशी करावा, कारण शेवटी कल्चर परदेशी संग्रहात पाठवायचं असतं आणि तेव्हा नमुना कुठून, कसा आणला याचे कागद मागितले जातात.

नोंदवहीत प्रत्येक नमुन्यासमोर तारीख, वेळ, भरती की ओहोटी, अक्षांश-रेखांश, पाण्याचं तापमान, क्षारता आणि पीएच लिहा. कोकणातल्या खाड्यांची क्षारता पावसाळ्यात खूप खाली येते, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर सोबत न्याच. यजमान प्राण्याची ओळखही पक्की हवी. खडपावरची कालवं फक्त शिंपल्याच्या आकारावरून ओळखणं धोक्याचं, कारण खडकाच्या बेचक्यात वाढलेलं कालव हवा तो आकार घेतं. मांसाचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, म्हणजे पुढे सीओआय जनुकावरून प्रजाती ठरवता येते. रिकामा शिंपला क्रमांक टाकून जपा.

नमुना: बर्फात बुडवू नका

एका जागेवरून सहा ते दहा जिवंत, घट्ट मिटलेली कालवं घ्या. बाजारातली नकोत, त्यांना नळाचं पाणी आणि बर्फ दोन्ही लागलेलं असतं. प्रत्येक कालव वेगळ्या निर्जंतुक पिशवीत ठेवा. त्याच जागेचं एक लिटर पाणीही घ्या, कारण पुढे प्राणी आणि पाणी यांची तुलना याच बाटलीवरून होते.

पेटीत जेल-पॅक, त्यावर वर्तमानपत्राचा जाड थर आणि त्यावर कालवं. थेट बर्फावर ठेवली तर काही व्हिब्रिओ मरतात आणि काही थंडीने अशा अवस्थेत जाऊ शकतात की जिवंत असूनही प्लेटवर उगवत नाहीत. दहा अंशांच्या आसपास तापमान ठेवून सहा तासांत प्रयोगशाळा गाठणं चांगलं. चोवीस तासांपलीकडे गेलेला नमुना वर्गीकरणासाठी वापरू नका.

हातमोजे इथूनच घाला. कालवाच्या धारेने कापलेल्या बोटात व्हिब्रिओ व्हल्निफिकस शिरला तर जखम गंभीर होऊ शकते. अनोळखी व्हिब्रिओ हा रोगकारक असू शकतो असं धरूनच जैवसुरक्षा पातळी २ च्या शिस्तीत काम करावं आणि उरलेलं मांस, शिंपले ऑटोक्लेव्ह करूनच टाकावेत.

धुणं, उघडणं, वाटणं

निर्जंतुक समुद्रपाणी आधीच तयार हवं. समुद्राचं पाणी गाळून १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. तळाला पांढरट साका बसतो. तो क्षारांचा असतो, घाबरू नका, वरचं निवळ पाणी घ्या. साध्या ०.८५ टक्के सलाइनमध्ये समुद्री जीवाणू पातळ करण्याची सवय मात्र सोडा. बऱ्याच प्रजातींच्या पेशी तेवढ्या कमी मिठात फुटतात आणि प्लेटवर आकडा कमी येतो.

शिंपला ताठ ब्रशने घासा, ७० टक्के इथेनॉलने पुसा, सुकू द्या. निर्जंतुक सुरीने सांधा तोडा आणि आत साठलेलं पाणी ओतून द्या. कल्ले, प्रावरण (मांसाभोवतीचा पातळ पडदा) आणि पचनग्रंथी वेगवेगळ्या काढा. प्रत्येक भाग निर्जंतुक समुद्रपाण्यात तीनदा खळबळून घ्या आणि तिसऱ्या धुण्याचं १०० मायक्रोलिटर पाणी वेगळ्या प्लेटवर लावा. या प्लेटवर ऊतीइतक्याच कॉलन्या आल्या तर तुमचं धुणं अपुरं झालं, आणि ‘कल्ल्यांतून वेगळा केला’ हे विधान टिकणार नाही. परीक्षकांच्या नजरेतून ही गोष्ट सुटत नाही.

पचनग्रंथीतले बरेच जीवाणू म्हणजे कालवाचं कालचं जेवण. कायमचे रहिवासी हवे असतील तर निम्मी कालवं गाळलेल्या समुद्रपाण्यात चोवीस तास उपाशी ठेवा आणि मग उघडा. दोन्ही गटांत सापडलेला स्ट्रेन अधिक भरवशाचा. तरीही ‘सहजीवी’ हा शब्द एवढ्या पुराव्यावर वापरू नका.

एक ग्रॅम ऊतीत नऊ मिलिलिटर निर्जंतुक समुद्रपाणी घालून वाटा. ही झाली दहापट पातळी. तिथून एकास एक लाखापर्यंत पातळ करत जा आणि प्रत्येक पातळीचे १०० मायक्रोलिटर तीन-तीन प्लेटवर पसरा.

माध्यमं

एका माध्यमावर भिस्त ठेवू नका. निदान ही तीन घ्या.

झोबेल मरीन अगार २२१६ हे मुख्य माध्यम. मुंबईच्या हायमीडियासह अनेकांचं तयार मिळतं, प्रमाण लिटरला साधारण ५५ ग्रॅम. ऑटोक्लेव्हनंतर यातही साका दिसतो. ओतण्याआधी फ्लास्क हळूच फिरवून घ्या. २८ अंशांवर दोन ते सात दिवस ठेवा.

दुसरं त्याचंच दहापट पातळ रूप, समुद्रपाण्यात, अगार १.५ टक्के. यावर हळू वाढणारे येतात. २० अंशांवर चार आठवडे ठेवायचं असल्याने प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद करा. खरं नवं बहुतेकदा इथेच मिळतं. तिसऱ्या आठवड्यात उगवलेली टाचणीच्या टोकाएवढी फिकट कॉलनी लोक बघतच नाहीत.

तिसरं टीसीबीएस, म्हणजे व्हिब्रिओ निवडून वाढवणारं माध्यम, लिटरला ८९ ग्रॅमच्या आसपास. हे फक्त उकळायचं, ऑटोक्लेव्ह करायचं नाही. सुक्रोज वापरणारे व्हिब्रिओ पिवळे, न वापरणारे हिरवे दिसतात. रंग चोवीस तासांत टिपा. नंतर पिवळा परत हिरवट होऊ लागतो. आणि रंगावरून प्रजाती ठरवू नका.

व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकससारखे पसरणारे जीवाणू रात्रीत सगळी प्लेट व्यापून टाकतात. ओतलेल्या प्लेट लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) झाकण अर्धवट उघडून अर्धा तास सुकवा. दमट हवेत हे टाळलं की प्लेट वाया गेलीच.

शुद्धता: इथे घाई केली की सगळं फुकट

निवडलेली कॉलनी त्याच माध्यमावर रेघा ओढून वेगळी करा, एकटी कॉलनी उचला, पुन्हा तेच. किमान तीन वेळा. चिकट थर बनवणाऱ्या प्रजातींसाठी पाच वेळा. शेवटची प्लेट आठवडाभर तशीच ठेवून भिंगाखाली पाहा, कारण मोठ्या कॉलनीच्या कडेला बारीक दुसरी जात चिकटून वाढत असेल तर ती चौथ्या-पाचव्या दिवशी दिसते.

ग्रॅम स्टेनसाठी थेंब ऊर्ध्वपातित पाण्याचा नको, ३ टक्के मिठाच्या द्रावणाचा घ्या. नाहीतर फुटलेल्या पेशींचा गुलाबी चिखल दिसतो. शंका आली तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी कालवा आणि लूप वर उचला. तार निघाली तर ग्रॅम-निगेटिव्ह.

शुद्ध झाल्या झाल्या, बाकी काहीही करण्याआधी, साठा करा: ताजं मरीन ब्रॉथ कल्चर, २० ते ३० टक्के ग्लिसरॉल, उणे ८० अंश. निदान चार कुप्या, त्यांतल्या दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये. प्लेटवरून प्लेटवर फिरवत ठेवलेला स्ट्रेन काही महिन्यांत प्लाझमिड (गुणसूत्राबाहेरचा छोटा डीएनए) गमावतो, प्रकाश देण्याची क्षमता गमावतो, कधी चक्क बदलला जातो. पुढच्या सगळ्या चाचण्या या कुपीतून काढलेल्या ताज्या कल्चरवरच करा.

१६एस: पहिली चाळणी, निकाल नव्हे

माल्डी-टॉफ (पेशीतल्या प्रथिनांवरून जीवाणू ओळखणारं यंत्र) याची सोय असेल तर एकसारखे स्ट्रेन गटांत लावायला ती उत्तम. पण त्या यंत्रांचे संदर्भसंच मुख्यतः रुग्णालयातल्या जीवाणूंसाठी बांधलेले आहेत. ‘ओळख पटली नाही’ याचा अर्थ नवा, असा घेऊ नका.

१६एस जनुक साधारण १५०० बेसचं (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर). पीसीआरने त्याच्या प्रती वाढवायच्या. २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर (जनुकाची दोन टोकं पकडणारे डीएनएचे तुकडे) वापरा. २५ मायक्रोलिटरच्या क्रियेत दुप्पट तीव्रतेचं मास्टर मिक्स १२.५, प्रत्येक प्रायमर (१० मायक्रोमोलर) १, डीएनए १ ते २, बाकी पाणी. ९५ अंशांवर ५ मिनिटं. मग ९५ अंश ३० सेकंद, ५५ अंश ३० सेकंद, ७२ अंश ९० सेकंद अशी ३० आवर्तनं. शेवटी ७२ अंशांवर ७ मिनिटं. डीएनए न घातलेली नळी प्रत्येक वेळी लावायचीच.

जेलवर जनुकाचा बँड (पट्टा) आलाच नाही, तर समुद्री स्ट्रेनमध्ये बहुधा दोषी असतं मीठ किंवा पॉलिसॅकराइड. उकळून काढलेला डीएनए असेल तर पेशींची गोळी आधी धुऊन घ्या आणि डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. जास्त डीएनए घालून काम बिघडतंच.

सँगर सिक्वेन्सिंगच्या (जनुकाचा क्रम वाचण्याच्या पद्धतीच्या) एका वाचनात भरवशाचे ७००-८०० बेस मिळतात. दोन्ही बाजूंनी वाचा, मधल्या प्रायमरने जोड घ्या आणि १४०० च्या वरचा सलग क्रम तयार करा. ९०० बेसवर काढलेली टक्केवारी नव्या प्रजातीच्या दाव्यात चालत नाही.

व्हिब्रिओत इथे एक खास भानगड होते. या जीवाणूंत १६एसच्या बऱ्याच प्रती असतात: व्हिब्रिओ कॉलरीत ८, व्हिब्रिओ नॅट्रिएजेन्समध्ये १३ पर्यंत. प्रती एकमेकींपासून थोड्या वेगळ्या असतात. एका प्रतीत एक बेस जास्त असला की आलेख त्या जागेपर्यंत स्वच्छ दिसतो आणि तिथून पुढे प्रत्येक शिखराला दुसरं शिखर चिकटतं, जणू दोन वाचनं एका घराने सरकून एकमेकांवर पडली आहेत. उलट बाजूने वाचलं की तीच गडबड त्याच जागी, पण दुसऱ्या अंगाने सुरू होते. हे कल्चर मिसळलेलं असल्याचंही लक्षण असू शकतं. फरक असा कळतो: प्लेटवरच्या आठ-दहा एकट्या कॉलन्या वेगवेगळ्या वाचा. सगळ्यांत दुहेरी शिखरं अगदी त्याच जागी आली तर प्रतींमधला फरक. कॉलन्या दोन स्वच्छ गटांत विभागल्या तर कल्चर मिसळलेलं. परत शुद्धीकरणाला जा.

तुलना करताना फक्त टाइप स्ट्रेनशी करा, म्हणजे ज्याच्याशी प्रजातीचं नाव अधिकृतपणे बांधलेलं आहे त्या स्ट्रेनशी. इझीबायोक्लाउड हे संकेतस्थळ वापरा किंवा एनसीबीआय या अमेरिकी माहितीसंग्रहाच्या ब्लास्ट या शोधसाधनामध्ये टाइप मटेरियलपुरता शोध मर्यादित करा. साध्या ब्लास्टमधली वरची नावं बऱ्याचदा कुणीतरी अंदाजाने लावलेली असतात. एखाद्या प्रजातीचं नाव पुढे बदललेलंही असतं: आजच्या एलिव्हिब्रिओ फिशरीला २००७ पर्यंत व्हिब्रिओ म्हणत. चालू नाव एलपीएसएन या जर्मनीतून चालणाऱ्या यादीत तपासा.

आता आकडे. ९८.६५ ते ९८.७ टक्क्यांच्या खाली असाल तर बहुधा नवी प्रजाती. ९४.५ च्या आसपास किंवा खाली असाल तर नव्या जीनसचा विचार. पण ९८.७ च्या वर असलात म्हणजे जुनीच प्रजाती, हे खरं नाही. व्हिब्रिओ हार्वेयी, व्हिब्रिओ कॅम्पबेली आणि त्यांचे नातलग १६एसमध्ये एकमेकांशी ९९ टक्क्यांच्या वर जुळतात आणि तरी वेगळ्या प्रजाती आहेत. जीवाणू प्रकाश कसे देतात आणि आपसात रासायनिक संदेश कसे पाठवतात याचा अभ्यास ज्या बीबी१२० या स्ट्रेनवर वर्षानुवर्षं झाला, तो हार्वेयी म्हणूनच प्रसिद्ध होता. २०१० साली जीनोमची तुलना झाली आणि तो कॅम्पबेली निघाला.

म्हणून व्हिब्रिओसाठी १६एसच्या पुढे जाऊन गायरबी, पायरएच, रेकए, आरपीओए, टोपए यांसारख्या जनुकांचा एकत्र वृक्ष काढतात. आता जीनोम परवडण्यासारखा झाल्याने ही जनुकं थेट जीनोममधून उचलणंच सोयीचं.

वृक्ष काढताना जीनसमधले निवडक पाच-सहा नव्हे, जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेनचे क्रम घ्या. क्रम मॅफ्ट या प्रोग्रामने जुळवा, मग मेगा किंवा आयक्यू-ट्री या प्रोग्राममध्ये मॅक्सिमम लाइकलिहूड पद्धत, १००० बूटस्ट्रॅप (फाट्याचा भरवसा तपासणाऱ्या फेऱ्या). बाहेरचा गट म्हणून फोटोबॅक्टेरियमची एखादी प्रजाती चालते. ५० च्या खालच्या बूटस्ट्रॅपवर उभा असलेला फाटा पुरावा म्हणून मांडू नका.

जीनोम: खरा निर्णय

लघुगणकीय (वेगवान) वाढीच्या टप्प्यातल्या कल्चरमधून डीएनए काढा. शिळ्या कल्चरमधला तुटका असतो. शुद्धता दाखवणारं २६०/२८० गुणोत्तर १.८ ते २.० च्या दरम्यान हवं, पण डीएनएचं प्रमाण क्युबिट या यंत्रावर मोजा. वाचनाची खोली (प्रत्येक बेस सरासरी किती वेळा वाचला) किमान ५० पट ठेवा. वाचनं जोडून जीनोम उभा करायला लहान वाचनं असतील तर स्पेड्स, लांब वाचनं असतील तर फ्लाय हे प्रोग्राम.

या जुळणीनंतर चेकएम हा प्रोग्राम चालवा, तो जीनोमची पूर्णता आणि भेसळ सांगतो. शुद्ध कल्चरच्या जीनोममध्ये पूर्णता ९८-९९ च्या आसपास आणि भेसळ १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली दिसायला हवी. भेसळ ५ दिसली तर आकडेमोडीत उपाय शोधू नका, फ्रीजर उघडून कल्चर तपासा. नंतर बारनॅपने जीनोममधला १६एस काढून सँगरच्या क्रमाशी जुळवा. जुळला नाही तर नळ्या अदलाबदल झाल्या आहेत. लहान वाचनांच्या जुळणीत १६एसच्या सगळ्या प्रती एकमेकींवर चढून एकच तुटकी प्रत राहते किंवा तीही गळते; व्हिब्रिओसाठी म्हणूनच नॅनोपोरसारखी लांब वाचनं जोडीला घ्यावीत. व्हिब्रिओची दोन गुणसूत्रंही तेव्हाच वेगळी दिसतात.

मग दोन मोजमापं. एएनआय, म्हणजे दोन जीनोममधल्या सामाईक भागांची सरासरी जुळणी: सीमा ९५ ते ९६ टक्के. आणि डिजिटल डीडीएच (जीनोमांवरून संगणकाने काढलेली डीएनएची जुळणी): सीमा ७० टक्के, जीजीडीसीच्या संकेतस्थळावर, अपुऱ्या जीनोमसाठी सूत्र क्रमांक २. टीवायजीएस या संकेतस्थळावर जीनोम चढवला तर जवळचे टाइप स्ट्रेन शोधून तुलना आपोआप होते, पण त्यांच्या संचात एखाद्या ताज्या प्रजातीचा जीनोम नसू शकतो. त्यामुळे १६एसच्या यादीतल्या वरच्या दहा नावांपैकी कुणाचा जीनोम राहिला का, ते स्वतः पाहा. राहिला असेल तर तो टाइप स्ट्रेन मागवून तुम्हालाच वाचावा लागतो. ‘उपलब्ध नव्हता’ हे उत्तर परीक्षक मान्य करत नाहीत.

समजा १६एसमध्ये सर्वांत जवळचा टाइप स्ट्रेन ९९.३ टक्के, एएनआय ९३, डिजिटल डीडीएच ५१. इथे १६एस विसरा. प्रजाती नवी आहे. समजा एएनआय ९५.४ आणि डीडीएच ६३: करड्या पट्ट्यात आहात. अशा वेळी दुसरे, तिसरे स्ट्रेन वाचा. ते सगळे एका घट्ट फाट्यात येत असतील आणि गुणधर्मांत ठाम फरक असेल तर दावा करता येतो. एकाच स्ट्रेनवर करड्या पट्ट्यात दावा करू नये.

नव्या जीनसचा मोह आवरा. एएआय (प्रथिनांची सरासरी जुळणी) ६५ टक्के, पीओसीपी (सामाईक प्रथिनांचं प्रमाण) ५० टक्के असे आकडे वापरात आहेत, पण दर कुळात ते वेगळे वागतात. जीनोमच्या वृक्षात तुमचा फाटा स्वतंत्र असावा आणि तो काढल्याने शेजारचा जीनस फाटू नये, ही अट त्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची.

गुणधर्म: मिठाचा घोळ

इथला नियम एकच आणि तो मोडला की तक्ता निरुपयोगी: तुमचा स्ट्रेन आणि जवळचे टाइप स्ट्रेन एकाच दिवशी, एकाच माध्यमात, एकाच तापमानाला तपासायचे. जुन्या लेखांतले गुण उचलून शेजारी मांडायचे नाहीत. संग्रहातून टाइप स्ट्रेन यायला आठवडे लागतात, म्हणून १६एस हातात आल्याबरोबर मागणी नोंदवा.

तापमान ४ ते ४५ अंश, पीएच ४ ते ११ अर्ध्या-अर्ध्या अंकाने, मीठ ० ते १२ टक्के. पीएचसाठी बफर घालाच आणि वाढीनंतर पीएच पुन्हा मोजा. जीवाणू स्वतःच तो ओढून नेतात. मिठाच्या चाचणीत सर्रास होणारी चूक म्हणजे मरीन ब्रॉथमध्येच मीठ मोजून घालणं. त्यात आधीच लिटरला १९ ग्रॅमच्या वर सोडियम क्लोराइड असतं, त्यामुळे ‘० टक्क्याला वाढतो’ हा निष्कर्ष खोटा निघतो. सोडियम क्लोराइड वगळून मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे क्षार घालून कृत्रिम समुद्रपाणी बनवा आणि त्यात मीठ वेगळं मोजून घाला. पेशीही आधी मीठ नसलेल्या द्रावणात धुऊन घेऊ नका, फुटतील. थेट अगदी थोडा इनॉक्युलम (सुरुवातीचं कल्चर) लावा आणि वाढ दिसली तर त्याच माध्यमात दुसऱ्यांदा लावून खात्री करा.

एपीआय २०ई, २०एनई, झायम या तयार रासायनिक चाचण्यांच्या पट्ट्या समुद्री जीवाणूंसाठी बनवलेल्या नाहीत. निलंबन २ टक्के मिठात करा, नाहीतर अर्ध्या खळग्या खोट्या निगेटिव्ह येतात. आर्जिनिन, लायसिन, ऑर्निथिनच्या चाचण्यांना व्हिब्रिओत मोठं वजन आहे. मोलर नावाच्या माध्यमात १ टक्का मीठ घाला आणि अमिनो आम्ल नसलेली नळी शेजारी ठेवा. ओ/१२९ (व्हिब्रिओची वाढ रोखणारं रसायन) याच्या १० आणि १५० मायक्रोग्रॅमच्या चकत्या, ऑक्सिडेज, कॅटॅलेज आणि गतिशीलता लगेच आटोपतात.

फॅटी आम्लांसाठी सगळे स्ट्रेन एकाच माध्यमावर, त्याच तापमानाला, वाढीच्या त्याच टप्प्यात गोळा करा. व्हिब्रिओत सी१६:०, सी१६:१ आणि सी१८:१ हे गट ठळक येतात, मुख्य क्विनोन क्यू-८, ध्रुवीय लिपिडांत फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन आणि फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल. यांत काही वेगळं दिसलं तर आनंदाआधी माध्यम तपासा. हे काम पैसे भरून करून घेता येतं आणि तसं करणंच शहाणपणाचं.

कल्चर जमा करणं

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम ३०: टाइप स्ट्रेन किमान दोन वेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत जमा हवा आणि कुणालाही मिळायला हवा. फक्त पेटंटसाठी बंद ठेवलेली ठेव चालत नाही. भारतात पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र (त्याचे क्रमांक एमसीसीने सुरू होतात) किंवा चंडीगढचं एमटीसीसी. बाहेर जर्मनीचं डीएसएमझेड, जपानचं जेसीएम, कोरियाचं केसीटीसी, बेल्जियमचं एलएमजी. जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नेमलेल्या भारतीय भांडाराला द्यावाच लागतो. परदेशी पाठवण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करायची. या कागदांना प्रयोगांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून जीनोमच्या वेळीच सुरुवात करा.

संग्रहाकडून प्रमाणपत्र आलं की त्यांच्याकडचं कल्चर परत मागवून त्याचा १६एस वाचा. पाठवलेली कुपी आणि लेखातला स्ट्रेन वेगळे निघाले तर नावाचा पायाच जातो.

नाव आणि प्रसिद्धी

नाव लॅटिन व्याकरणात बसायला हवं. व्हिब्रिओ पुल्लिंगी आहे. जागेवरून नाव द्यायचं तर शेवट एन्सिस: रत्नागिरीवरून रत्नागिरिएन्सिस. यजमानावरून द्यायचं तर षष्ठी: कालवाच्या क्रासोस्ट्रिया या जीनसवरून व्हिब्रिओ क्रासोस्ट्रिए, काटेरी शेवंडाच्या पॅन्युलिरस जीनसवरून व्हिब्रिओ पॅन्युलिराय. स्वतःचं नाव देण्याची रीत नाही. एलपीएसएनमध्ये ते नाव आधीच घेतलेलं नाही ना, हे पाहा.

वर्णनात व्युत्पत्ती, पेशी आणि कॉलनीचं रूप, वाढीच्या मर्यादा, वेगळेपण दाखवणारे गुण, जी+सी (डीएनएतल्या जी आणि सी या बेसची) टक्केवारी, टाइप स्ट्रेन, दोन्ही संग्रहांचे क्रमांक, १६एस आणि जीनोमचे अक्सेशन (डेटाबेसमधल्या नोंदीचे) क्रमांक, आणि यजमान-जागा-तारीख यांचा उल्लेख असतो. आयजेएसईएम या नियतकालिकात लेख आला तर नाव तिथेच वैध होतं. इतर कुठे आला तर लेख आणि प्रमाणपत्रं आयजेएसईएमकडे पाठवून वैधता-यादीत नाव घालून घ्यावं लागतं. तोवर नाव छापलेलं असूनही संहितेपुढे त्याला अस्तित्व नाही.

जो प्लेटवर येतच नाही

समुद्री प्राण्यांत असे पुष्कळ. एन्डोझोइकोमोनास हा जीनस २००७ साली जपानजवळच्या एका समुद्रगोगलगाईतून आलेल्या कल्चरवर उभा राहिला. पण प्रवाळांत आणि शिंपल्यांत डीएनएवरून दिसणारे त्याचे बरेच नातलग अजून प्लेटवर आलेले नाहीत. अशांचा जीनोम थेट ऊतीच्या डीएनएतून जुळवता येतो. पूर्णता ९० च्या वर आणि भेसळ ५ च्या खाली असेल तरच पुढे जा. जुन्या पद्धतीत त्याला ‘कँडिडेटस’ म्हणतात आणि ते नाव संहितेखाली वैध धरत नाहीत. २०२२ पासून सीक्वकोड ही वेगळी संहिता आहे, तिच्यात जीनोमलाच टाइप मानून नाव नोंदवता येतं. त्याआधी पातळ माध्यमाच्या प्लेट चार आठवडे ठेवून पाहिल्यात ना, आणि प्राण्याच्या ऊतीचा अर्क घालून एकदा प्रयत्न केलात ना, एवढं तपासा. कल्चर हाती आलं तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.